नववा आला, गुण मिळाले, तरी नंबर घसरला: हौशी गोल्फमधल्या गुणांचा हिशेब

भाचा पुण्यात शिकतो आणि गोल्फ खेळतो. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, नववा आलो. चोवीस गुण मिळाले." घरात आनंद. तीन दिवसांनी पुन्हा फोन, आवाज पडलेला. "मामा, क्रमवारीत खाली गेलो." माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, फोन माझ्या हातातून घेतला. "तुले कितला गुण भेटनात रे?" चोवीस. "मंग खाले कसा गया?"

याचं उत्तर त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच देता आलं नाही. मी जळगावात एका जिनिंगवर हिशेब लिहितो. गुण वाढून नंबर कमी होतो, हे माझ्या वहीत बसेना. मग मी क्रमवारीचं नियमपत्रक मागवलं, पेन घेऊन बसलो आणि दोन रविवार त्यातच गेले. खाली लिहिलंय ते त्यातून कळलेलं. खान्देशातून नाशिक-पुण्याला खेळायला जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आणि माझ्यासारख्या चाळिशीनंतर हातात काठी धरणाऱ्यांना ते उपयोगी पडावं.

पायरी पहिली: कोणते गुण, ते आधी विचारा

गोल्फमध्ये 'पॉइंट' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. एक, स्टेबलफोर्डचे गुण. हे त्या दिवसाच्या खेळाचे, संध्याकाळी संपले. दोन, ऑर्डर ऑफ मेरिटचे गुण. एखादी संघटना किंवा क्लब वर्षभराच्या स्पर्धांवर चालवतो तो तक्ता. तीन, जागतिक हौशी क्रमवारीचे गुण. हँडिकॅप या तिन्हींत येत नाही. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा. तो कमी असला की चांगला, गुण जास्त असले की चांगले. घरच्यांना हे एकदा नीट समजावून सांगा, नाहीतर "हँडिकॅप बारावरून दहावर आला" म्हटल्यावर सांत्वनाचे फोन येतात. आमच्याकडे आले होते.

पायरी दुसरी: ग्रॉस की नेट

स्पर्धेच्या कागदावर हे दोन शब्द शोधा. ग्रॉस म्हणजे मारलेले सगळे फटके, दंडासकट. नेट म्हणजे त्यातून हँडिकॅपची सूट वजा करून उरलेले. गंभीर क्रमवाऱ्या ग्रॉसवर चालतात. जागतिक हौशी क्रमवारीत नेट स्पर्धेला जागाच नाही. तुमच्या मुलाने नेटमध्ये तीन करंडक जिंकले असतील तर कौतुक जरूर करा, पण ते क्रमवारीच्या वहीत चढत नाहीत.

तरी हँडिकॅप कसा बनतो ते माहीत असावं, कारण बऱ्याच स्पर्धांत प्रवेशच हँडिकॅपच्या मर्यादेवर मिळतो. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाली. तीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांच्या फरकांची सरासरी धरतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला त्या मैदानावर साधारण लागणारे फटके, आणि स्लोप रेटिंग म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान त्याच्यापेक्षा किती अवघड पडतं याचं माप. एका फेरीचा फरक असा काढतात: ११३ ला त्या मैदानाच्या स्लोप रेटिंगने भागायचं आणि तुमच्या स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करून आलेल्या आकड्याने गुणायचं. समजा कोर्स रेटिंग ७१.२, स्लोप १२८ आणि तुम्ही ८५ मारले. ८५ वजा ७१.२ म्हणजे १३.८. त्याला ११३ ने गुणून १२८ ने भागलं की १२.२ येतात. (त्या दिवशी हवा किंवा मैदान फारच वेगळं असेल तर एक दुरुस्तीही होते, ती इथे सोडून देतो.) स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हे मधलं माप. आमच्या भाषेत सांगायचं तर जमिनीचा कस लक्षात घेऊन उत्पन्न मोजण्यासारखं आहे हे. काळ्या कसदार रानातलं पीक आणि मुरमाड बरडावरचं पीक एकाच मापाने कसं मोजायचं?

पायरी तिसरी: स्टेबलफोर्ड, पटकन

डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी काढलेली ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडातल्या वॉलसी क्लबवर स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली. क्लबांतल्या हौशी लोकांचे बहुतेक रविवार हिच्यावरच चालतात. होल म्हणजे टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, खळग्यापर्यंतचा एक टप्पा; पूर्ण फेरीत असे १८. पार म्हणजे त्या होलला ठरलेले फटके; एक जास्त लागला की बोगी, एक कमी लागला की बर्डी, दोन कमी लागले की ईगल. प्रत्येक होलवर गुण: नेट बोगीला १, नेट पारला २, बर्डीला ३, ईगलला ४. दोन किंवा अधिक फटके जादा गेले की शून्य.

खेळाची सूट १२ असेल तर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम, १ म्हणजे सर्वांत अवघड) १ ते १२ असलेल्या होलवर तुम्हाला एकेक फटका मिळतो. पार ४, इंडेक्स ७, तुम्ही ५ मारले: नेट ४, गुण २. पार ३, इंडेक्स १५, तुम्ही ४ मारले: इथे सूट नाही, बोगी, गुण १. पार ५, इंडेक्स १, आणि सात फटके मारूनही चेंडू बाहेरच: उचला आणि पुढे चला, कारण आठव्यात गेला तरी शून्यच. ३६ गुण झाले म्हणजे तुम्ही आपल्या हँडिकॅपला जागलात.

पायरी चौथी: ऑर्डर ऑफ मेरिट आणि त्यातली खरी मेख

खेळाडू सगळ्यात जास्त इथेच चुकतात, म्हणून इथे जरा थांबू.

साधारण पद्धत अशी, की प्रत्येक स्पर्धेत क्रमांकाप्रमाणे ठरलेले गुण. उदाहरणासाठी धरू: पहिल्याला १००, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ५०, चौथ्याला ४०, पाचव्याला ३२ आणि पुढे उतरत. मोठ्या स्पर्धेला दीडपट किंवा दुप्पट गुण ठेवतात. कट चुकला, म्हणजे स्पर्धेच्या मध्यावरच्या गाळणीत बाहेर पडलात, तर बहुधा काहीच नाही.

आता तिघे सारख्या स्कोअरवर तिसरे आले तर? रीतसर पद्धत म्हणजे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाचे गुण एकत्र करायचे आणि तिघांत वाटायचे. ५० अधिक ४० अधिक ३२, एकूण १२२, प्रत्येकी ४०.६७. पुढचा खेळाडू सहावा. चौथा-पाचवा कोणी नाही.

पण काही ठिकाणी काउंटबॅक लावून गुण देतात. म्हणजे शेवटचे ९ होल, तिथेही बरोबरी असेल तर शेवटचे ६, मग ३, मग अठरावा होल. करंडक कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवायला ही पद्धत चांगली आहे. नेट स्पर्धेत काउंटबॅक करताना सूटही त्याच प्रमाणात वजा होते: शेवटच्या ९ ला निम्मी, ६ ला एक तृतीयांश, ३ ला एक षष्ठांश. वर धरलेल्या १२ च्या सुटीत ते ६, ४ आणि २ होतात. कार्डावर हे स्वतः करून बघा, कारण घाईत बसलेल्या स्वयंसेवकाकडून इथेच चूक होते. सगळे एकदम वेगवेगळ्या टीवरून सुटले असतील तर 'शेवटचे ९' म्हणजे होल १० ते १८ हेही आधी जाहीर झालेलं असावं, नाहीतर प्रत्येकाचा शेवट वेगळा.

भाच्याला हा चटका बसला आहे. तिघे बरोबरीत तिसरे होते. हा शेवटच्या नऊमध्ये एका फटक्याने मागे पडला आणि ४०.६७ ऐवजी पाचव्याचे ३२ घेऊन परतला. आयोजकांकडे रागाने विचारणा केली, तर त्यांनी पत्रकाचं दुसरं पान उघडून दाखवलं. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं. माझा राग त्यांच्यावर कमी आणि पहिलंच पान वाचून फी भरणाऱ्या माझ्यावर जास्त होता.

मग येतं ते वर्षाचं गणित, आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलेलं आहे. तक्ता तीनपैकी एका रीतीने जमतो.

पहिली रीत, सगळ्या स्पर्धांची बेरीज. यात जो जास्त खेळतो तो वर जातो. दुसरी रीत, ठरावीक चांगल्या स्पर्धांची बेरीज: दहा खेळा, उत्तम सहा धरू. यात वाईट दिवसाची शिक्षा नाही, चार दिवस पोटात घातले जातात. तिसरी रीत, सरासरी. मिळालेल्या एकूण गुणांना खेळलेल्या स्पर्धांनी भागायचं.

भाच्याचा तक्ता तिसऱ्या रीतीचा निघाला. त्याच्या सहा स्पर्धा झाल्या होत्या, ३१२ गुण, सरासरी ५२. सातव्या स्पर्धेत २४ आले. बेरीज ३३६, भागिले ७, सरासरी ४८. गुण वाढले, सरासरी चारने पडली, आणि त्या चारमध्ये पाच जण पुढे निघून गेले.

आईला मी कापसावर समजावलं. एकाने दहा एकरांत साठ क्विंटल काढला, दुसऱ्याने चार एकरांत चाळीस. गाडीत माल पहिल्याचा जास्त, पण शेतकरी कोण चांगला म्हणशील? "एकरी दहावाला," ती लगेच म्हणाली. हा तक्ता एकरी उतारा बघतो, गाडी बघत नाही. तिला पटलं. भाच्याला पटायला अजून एक आठवडा लागला.

यावर कोणी म्हणेल, मग एकच स्पर्धा जिंकून घरी बसावं. त्यासाठीच किमान भाजक असतो. किमान भाजक सहा असेल आणि तुम्ही तीनच स्पर्धांत २४० गुण कमावले असतील, तर भागणार सहानेच: ८० नाही, ४०. व्यावसायिकांच्या जागतिक क्रमवारीत हा किमान भाजक ४० आहे आणि कमाल ५२, म्हणजे दोन वर्षांत कितीही खेळलं तरी भागाकार ५२ च्या पुढे जात नाही.

तेव्हा फी भरण्याआधी पत्रकातून चार उत्तरं काढा: बेरीज की सरासरी, किती स्पर्धा धरणार, किमान भाजक किती, बरोबरीत गुण वाटणार की काउंटबॅक. बेरजेच्या तक्त्यात जमेल तेवढं खेळा. उत्तम सहाच्या तक्त्यात सहा पूर्ण झाल्यावर फक्त आपल्या सर्वांत कमी गुणांपेक्षा जास्त मिळण्याची शक्यता असेल तिथेच जा. सरासरीच्या तक्त्यात आजारी असताना, परीक्षेच्या आठवड्यात, किंवा आदल्या रात्री उभ्याने प्रवास करून खेळू नका. महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्र काढून सकाळी पहिल्या टीवर उभं राहणं आम्ही एकदा केलं आहे. त्या स्पर्धेचे १२ गुण बरेच महिने आमच्या भागाकारात बसून होते.

पायरी पाचवी: जागतिक हौशी क्रमवारी कशी वाचायची

ही क्रमवारी आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था चालवतात. पुरुषांची २००७ मध्ये सुरू झाली, महिलांची २०११ मध्ये. २०२० मध्ये तिची पद्धत मुळापासून बदलली, म्हणून त्याआधीचे लेख वाचून हिशेब मांडू नका.

आजच्या पद्धतीचा गाभा म्हणजे स्पर्धेची ताकद. नाव मोठं, बक्षीस मोठं, मैदान प्रसिद्ध, याने गुण वाढत नाहीत. मैदानात कोण उतरलं आहे आणि क्रमवारीत त्यांची जागा काय आहे, यावर त्या स्पर्धेचं वजन ठरतं आणि त्या वजनातून क्रमांकांना गुण मिळतात. आपल्याकडे जत्रेच्या फडात हे कोणालाही कळतं. नारळावरच्या दहा कुस्त्या मारलेल्या पोरापेक्षा नामांकित मल्लाशी बरोबरीत सुटलेल्या पोराची चर्चा जास्त होते. म्हणून ताकदवान स्पर्धेतला बारावा कमजोर स्पर्धेतल्या पहिल्यापेक्षा जास्त गुण नेऊ शकतो.

गुण १०४ आठवड्यांच्या खिडकीत मोजले जातात आणि यादी दर आठवड्याला नवी होते. याचा अर्थ न खेळताही नंबर हलतो. भाच्याच्याच आकड्यांवर बघू. सात स्पर्धा, ३३६ गुण. त्यातली ९० गुणांची जुनी स्पर्धा खिडकीबाहेर गेली तर उरले २४६, भागिले ६, सरासरी ४१. उलट ती १२ गुणांची रेल्वेवाली स्पर्धा बाहेर पडली तर ३२४ भागिले ६, सरासरी ५४. पोरगं घरात भरीत-भाकरी खात बसलं आहे आणि नंबर वर चढतो आहे. व्यावसायिकांच्या क्रमवारीतही खिडकी दोन वर्षांचीच. तिथे गुण पहिले १३ आठवडे पूर्ण धरतात आणि पुढच्या ९१ आठवड्यांत समान टप्प्यांनी उतरवतात.

या क्रमवारीला एवढं महत्त्व का? कारण दारं तिच्यावर उघडतात. २००९ पासून होणाऱ्या आशिया-पॅसिफिक हौशी अजिंक्यपदासाठी खेळाडू तिच्या आधारे निवडले जातात, आणि तिथल्या विजेत्याला मास्टर्स आणि द ओपन या व्यावसायिकांच्या दोन्ही मोठ्या स्पर्धांचं निमंत्रण मिळतं. वर्षातल्या अव्वल हौशी पुरुष खेळाडूला मॅक्‌कॉर्मॅक पदक मिळतं. पुढे नामांकित व्यावसायिक झालेले पॅट्रिक कँटले, जॉन राह्‌म ही नावं त्या यादीतली आहेत.

इथे माझी एक तक्रार आहे. ताकदवान स्पर्धेत प्रवेशासाठी क्रमवारी लागते आणि क्रमवारीसाठी ताकदवान स्पर्धा लागते. मोठ्या शहरातल्या, मैदानाशेजारी राहणाऱ्या मुलाला हे चाक फिरवणं सोपं जातं. यावल-रावेरकडच्या मुलाला प्रत्येक फेरा रेल्वे, मुक्काम आणि कॅडीच्या खर्चासकट पडतो. पद्धत अन्यायाची आहे असं मी म्हणत नाही, पण आमच्याकडच्या मुलाने वर्षाची आखणी जास्त काटेकोर करावी लागते एवढं खरं. भारतात हौशी गोल्फची मुख्य संस्था इंडियन गोल्फ युनियन, स्थापना १९५५. तिच्या स्पर्धांचं वेळापत्रक हातात घेऊन आधी दोन-तीन मजबूत स्पर्धा ठरवा आणि बाकीच्या त्यांच्या तयारीसाठी धरा. जळगाव-भुसावळचा मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे. पंचेचाळीसच्या उन्हात सराव करून कोणाची सरासरी सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

पायरी सहावी: मॅच प्ले असेल तर

मॅच प्लेमध्ये एकूण फटके मोजत नाहीत, होल जिंकायचे असतात. अमेरिकेच्या हौशी अजिंक्यपदात ३१२ खेळाडू आधी ३६ होल स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजून, खेळतात, त्यातले ६४ बाद फेरीत जातात. तक्त्यात हे बसवायचं तर एकाच फेरीत हरलेल्यांना एकाच जागी धरणं ही सोयीची रीत. उपांत्यपूर्व फेरीत हरलेले चौघे पाचव्या ते आठव्या क्रमांकाचे गुण सारखे वाटून घेतात. पात्रता फेरीतल्या स्कोअरचे वेगळे गुण आहेत का, हे मात्र पत्रकातच बघा.

पायरी सातवी: कार्ड

इतकं गणित करून गुण शेवटी कार्डावर सांडतात. होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली तर खेळाडू बाद, जास्त लिहिला तर जास्तच कायम. १८ आकड्यांची बेरीज करणं कमिटीचं काम आहे, प्रत्येक होलचा आकडा बरोबर असणं तुमचं. २०२३ पासून कार्डावर हँडिकॅप लिहिण्याची जबाबदारीही खेळाडूवर राहिलेली नाही. सही राहिली तर नियमाने बाद. स्थानिक नियम केलेला असेल तरच दोन फटक्यांच्या दंडावर भागतं. बाद झालेली स्पर्धा सरासरीच्या तक्त्यात शून्य गुण म्हणून भाजकात चढते का, हा प्रश्न आधीच विचारून ठेवा. नंतर विचारला की उत्तर आपल्याला आवडत नाही.

आम्ही आता कार्ड जमा करायच्या टेंटमध्ये एकच पद्धत ठेवली आहे. भाचा होलचा नंबर म्हणतो, मार्कर (त्याचं कार्ड लिहिणारा) आकडा म्हणतो, भाचा आपल्या खुणेशी ताडतो. अठरा वेळा. तीन मिनिटं लागतात. तोवर पाण्याची बाटलीसुद्धा उघडायची नाही.

बक्षिसाबद्दल एक सूचना

गावात कोणी हौसेने मुलाचं कौतुक करायला निघालं तर आधी हे सांगा. २०२२ पासूनच्या हौशी दर्जाच्या नियमांप्रमाणे ग्रॉस स्पर्धेत रोख रकमेसकट बक्षीस घेता येतं, पण एका स्पर्धेत ७०० पौंड किंवा १,००० डॉलरच्या मर्यादेतच. नेट स्पर्धेत रोख बक्षीस अजिबात चालत नाही, वस्तू मर्यादेत चालते. ही मर्यादा मोडली की हौशी दर्जा जातो, आणि दर्जा गेला की हौशी क्रमवारीही गेली.

वही

शेवटचं काम घरी करा. एक साधी वही, सात रकाने: तारीख, स्पर्धा, ग्रॉस, क्रमांक, गुण, खिडकीतून बाहेर पडायची तारीख, खर्च. सहावा रकाना लोक घालत नाहीत, पण पुढच्या तीन महिन्यांत सरासरी कुठे जाणार हे तोच सांगतो. दर निकालानंतर स्वतः भागाकार करा आणि प्रसिद्ध झालेल्या यादीशी ताडून बघा. फरक आला तर आकडा, तारीख आणि कार्डाचा फोटो घेऊन त्याच आठवड्यात लेखी विचारा. भाच्याच्या एका निकालात बरोबरीचे गुण वाटायचे राहून गेले होते. दोन ओळींचं पत्र पाठवलं, पुढच्या यादीत दुरुस्त होऊन आले.

वही आता आईच्या हातात असते. तिला ग्रॉस-नेट कळत नाही, पण सहावा रकाना ती पंचांगासारखा बघते. परवा भाच्याने फोनवर सांगितलं की तो चौथा आला. तिने चष्मा लावला, पान उलटलं आणि विचारलं, "आनी ते बारावालं कवय जाई?"